खिडकीतलं सारं दुसऱ्याचं

न्यू मेक्सिकोत विकायला काढलेल्या घराच्या जाहिरातीत खोल्यांच्या आधी डोंगर येतो. कुठल्या खिडकीतून कुठलं शिखर, सूर्यास्त ओट्यापाशी उभं राहून दिसतो की पलंगावर पडल्या पडल्या, हे सगळं फोटोंसकट. पाण्याचा उल्लेख सापडलाच तर अगदी तळाशी, ‘विहीर सामायिक’ एवढाच. त्या तळाच्या ओळीवर पहिलं बोट ठेवलं ते माझ्या वडिलांनी, नानांनी. ते तेव्हा साक्रीहून आमच्याकडे राहायला आले होते. आणि नानांनी बोट ठेवल्यावर त्या ओळीचा खरा अर्थ आम्हाला ज्यांनी दाखवला, त्यांना आमची मुलं ग्राम्पो म्हणतात. इकडच्या जुन्या स्पॅनिश घरांत आजोबांना अशीच हाक मारतात. नाव छापलेलं त्यांना खपणार नाही, म्हणून मीही ग्राम्पोच म्हणते.

नवरा रिओ रँचोच्या चिप कारखान्यात. आम्ही तिथेच भाड्याने राहायचो. त्या गावाची गंमत अशी की ते आधी टपालाने विकलं गेलं आणि मग वसलं. १९६० च्या दशकात एका कंपनीने गुरं चरायची माळजमीन घेऊन तिचे अर्ध्या अर्ध्या एकराचे तुकडे पाडले आणि न्यूयॉर्ककडच्या मध्यमवर्गीयांना माहितीपत्रकं धाडून विकले. पुष्कळांनी जमीन डोळ्यांनी न बघता हप्ते भरले. त्यातले कित्येक तुकडे अजून तसेच पडून आहेत, वाऱ्यावर वाळू आणि वाळक्या झुडपांचे गोळे. भाड्याच्या घरातून पूर्वेला नदीपलीकडे सांदियाचा कडा दिसायचा. माथा ३,२५५ मीटर, म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तर थोडीच वर जाईल. संध्याकाळी तो कडा दहा-पंधरा मिनिटं लालसर गुलाबी होतो. इथे आलेला प्रत्येक जण त्या दहा-पंधरा मिनिटांच्या जोरावर घर घेतो असं माझं मत आहे.

आम्हालाही तसंच घर हवं होतं. त्याच डोंगराच्या उत्तर टोकाला प्लासितास म्हणून गाव आहे. उंची सुमारे १,८०० मीटर. इथे पाणी चौऱ्याण्णव अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय तुरीची डाळ शिजत नाही. हे सांगितल्यावर आईने फोनवर विचारलं होतं, “मग तिथे घर घेताच कशाला?” प्रश्न रास्त होता. शेजारच्या आल्बुकर्कीत वर्षाचा पाऊस सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडे ज्याला दुष्काळ म्हणतात ते इथलं बरं साल.

सोंडेवर एक घर आम्हाला आवडलं होतं. पश्चिमेची अख्खी भिंत काचेची. खाली उतरत गेलेली जुनिपरची खुरटी झाडं, रिओ ग्रांदेच्या काठची कॉटनवुडची रांग, पलीकडे हेमेसचे डोंगर आणि क्षितिजावर काबेसोनचा एकटा उभा काळा सुळका, विझलेल्या ज्वालामुखीचा घट्ट झालेला घसा. सौद्याची बयाणा रक्कम भरून झाली होती. कराराप्रमाणे तपासणीसाठी थोडे दिवस हातात होते. घराच्या तपासनिसाने छप्पर, वायरिंग, सेप्टिक टँक बघून लांबलचक अहवाल दिला. नानांनी तो उलटसुलट करून बघितला आणि माझ्याशी अहिराणीत बोलायची वेळ आली की त्यांच्या आवाजात जो टणकपणा येतो त्या आवाजात विचारलं, “पानी कोठे शे?”

दुसऱ्या दिवशी आम्ही घराची मापं घेत बसलो आणि नाना पाणी शोधायला एकटेच गावाकडे उतरले. बऱ्याच वेळाने मी शोधत गेले तर ते गुडघाभर गाळात उभे. मार्च महिना होता. झऱ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या गावच्या जुन्या पाटाची वार्षिक सफाई चालली होती. या पाटांना इथे असेकिया म्हणतात. स्पॅनिश वसाहतीच्या काळापासून ते चालत आलेत. पाण्यात हक्क असलेल्या प्रत्येकाने सफाईला स्वतः यायचं, नाहीतर मजूर पाठवायचा, नाहीतर ठरलेली रक्कम भरायची. पाटाचा कारभारी, त्याला मेयोर्दोमो म्हणतात, काठीने मोजून प्रत्येकाला तुकडा नेमून देतो. एका तुकड्याचा माणूस आला नव्हता. नानांनी कडेला पडलेलं फावडं उचललं होतं आणि कोणाला न विचारता सुरुवात केली होती.

इथलं फावडं उभ्याने चालवायचं असतं. लांब दांडा, पातं पुढे खुपसायचं आणि माती उचलून बाहेर टाकायची. नाना आपल्या सवयीने वाकून तेच पातं आडवं धरून गाळ स्वतःकडे ओढत होते. बाकीचे काम थांबवून बघत होते. कडेला हॅट घातलेला एक उंच म्हातारा काठी टेकून उभा होता. नानांनी तुकड्याच्या शेवटी येऊन तळाला पाय चोळला, उतार बरोबर आहे का ते बघितलं आणि म्हाताऱ्याकडे पाहून हाताने विचारलं, पाणी वाटतो कोण? म्हाताऱ्याने स्वतःच्या छातीवर काठी टेकवली. “पाटकरी!” नाना खूश होऊन मला म्हणाले. “ह्यांला सांग, आपला फड शे.”

मग दुभाष्याचं काम माझ्यावर आलं. पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत आहे. बंधारा घालून पाट काढायचा, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक. प्रत्येकाचे तुकडे सगळ्या फडांत विखुरलेले. पाऊस कमी झाला तर एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा सगळ्यांना सारखा. पाणी पाटकरी सोडतो, शेतकऱ्याने पाटाला हात लावायचा नाही. जागल्या पिकं राखतो. हे सगळं मी इंग्रजीत सांगत होते आणि म्हातारा मान हलवत होता. नवी माहिती ऐकणाऱ्याची ती मान नव्हती, हिशेब ताडून बघणाऱ्याची होती. शेवटी त्याने एकच प्रश्न विचारला: पाणी चोरलं तर दंड किती? नानांनी उत्तर दिलं. दोघं हसले. मी त्या दोघांच्यात नसते तरी चाललं असतं.

निघताना ते म्हातारे, म्हणजेच आमचे ग्राम्पो, मला म्हणाले, “मीहा, तुझ्या बापाला काम कळतं. वर कुठलं घर घेताय? विहीर मला दाखवा.” मीहा म्हणजे पोरी. त्या दिवसापासून आजपर्यंत मी मीहाच आहे.

ते आले तेव्हा सोबत पाच गॅलनची प्लास्टिकची बादली, एक पाना आणि मनगटावर जुनं घड्याळ. घर विकणाऱ्यांचा एजंट हजर होता. त्याने स्वयंपाकघरातला नळ सोडून दाखवला. पाणी धो धो. ग्राम्पोंनी त्या नळाकडे बघितलंही नाही. ते मागे गेले, साठवणटाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि विहिरीच्या तोंडाशी असलेल्या तोटीखाली बादली ठेवली. टाकी भरलेली असली की मेलेली विहीरही तासभर जिवंत दिसते, हे त्यांचं म्हणणं. पहिली बादली मिनिटभरात भरली. त्यांनी ती जुनिपरच्या बुडाशी ओतली, खिशातल्या वहीत आकडा टिपला आणि पुन्हा लावली. मग पुन्हा. एजंट गाडीत जाऊन बसला. नाना मुटकुळं करून शेजारी बसले. ऊन वर चढलं तशी बादली भरायला वेळ लागू लागला. दुपारनंतर पाण्याला विटकरी रंग आला. ग्राम्पोंनी ओंजळ भरून घेतली, बोटांत चोळली आणि नानांच्या तळहातावर ठेवली; बारीक रेती. थोड्या वेळाने तोटी खोकली, हवा ओढल्याचा आवाज झाला आणि त्यांनी झटकन उठून पंप बंद केला, दुसऱ्याचा पंप जळू नये म्हणून.

त्या विहिरीवर तीन घरं होती. परवाना होता, तोही नियमाप्रमाणे. या राज्यात घरगुती विहिरीला दर घरामागे वर्षाला जास्तीत जास्त एक एकर-फूट पाण्याचा परवाना मिळतो, म्हणजे साधारण बारा लाख लिटर. बारा लाख लिटर ऐकून कोणालाही समृद्धी वाटेल. पण इथली माणसं दोन पाणी वेगळी धरतात, कागदी पाणी आणि ओलं पाणी. परवाना कागदी पाण्याचा असतो. खडकाच्या भेगेत ओलं किती उरलंय त्याची हमी राज्य सरकार देत नाही. एजंट म्हणाला, हा मोसमाचा परिणाम आहे, उन्हाळी पाऊस झाला की सुधारेल. ग्राम्पोंनी पाना पुसून खिशात ठेवला आणि त्याला अत्यंत अदबीने विचारलं, “कुठल्या सालच्या पावसाने?”

बयाणा परत मिळाला, कारण मुदत संपलेली नव्हती. मला ते घर सुटल्याचं दुःख झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ती काचेची भिंत माझ्या स्वप्नात येत होती. ग्राम्पोंनी सांत्वन केलं तेही आपल्या पद्धतीने, चित्रकार जॉर्जिया ओकीफचं उदाहरण देऊन. तिने १९४० साली घोस्ट रँचला लाल-पिवळ्या कड्यांसमोर घर घेतलं. त्या कड्यांची आणि समोरच्या पेदेर्नाल डोंगराची तिची चित्रं जगभर गेली. पण तिथे भाजीपाला पिकवता येत नव्हता. जवळच्या आबिकियू गावात चर्चच्या मालकीचा मातीचा पडका वाडा होता, बागेसकट आणि पाटाच्या पाण्यासकट. त्यासाठी तिने वर्षानुवर्षं चर्चचा पिच्छा पुरवला आणि १९४५ मध्ये तो मिळवला. “तिलासुद्धा दोनदा घर घ्यावं लागलं,” ग्राम्पो म्हणाले. “तू पहिलं गाळून थेट दुसरं घे.”

दुसरं घर त्यांनीच दाखवलं. गावाच्या खालच्या अंगाला, जुनं, बसकं, जाड भिंतींचं. इथल्या नव्या घरांना बाहेरून मातीचा रंग असतो पण आत लाकडी सांगाडा आणि वर प्लास्टर. हे खरं कच्च्या विटांचं होतं. दहा इंच रुंद, चौदा लांब, चार जाड, एकेक वीट चौदा-पंधरा किलोची. वर गोल लाकडी वासे, त्यांवर काठ्यांचा थर, त्यावर सपाट छप्पर. नाना आत शिरले आणि मान वर करून उभे राहिले. खानदेशात याला धाबं म्हणतात. लाकडी सरे, वर किलच्या, त्यावर माती आणि दरवर्षी मिरगाच्या आधी खाऱ्या मातीचा थर, की पावसाचा थेंब आत येत नाही. नानांचं बालपण तसल्याच छपराखाली गेलं. घराची किंमत विचारायच्या आधी त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीवर ओला तळहात ठेवून वास घेतला.

भिंतींना कोणीतरी कधीकाळी बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. घर मजबूत दिसत होतं. ग्राम्पोंनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि जमिनीलगत गिलाव्याच्या एका चिरेत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला चिखल. माती श्वास घेते; सिमेंट तिचं तोंड दाबतं. भेगांतून शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही आणि भिंत पायापाशी आतल्या आत विरघळते. रांचोस दे ताओसचं प्रसिद्ध मातीचं चर्च याच मार्गाने चाललं होतं. १९६७ मध्ये त्यावर कडक गिलावा चढवला, भिंती आतून खचू लागल्या, शेवटी १९७९ मध्ये तो खरवडून लोकांनी पुन्हा मातीने लिंपलं. आजही दर उन्हाळ्यात गावकरी जमून लिंपण करतात. ग्राम्पो तिथे लिंपायला गेले होते की नाही ते मला माहीत नाही, पण सांगताना त्यांचा उजवा हात हवेत गोल फिरत होता.

स्क्रूड्रायव्हरच्या त्या भोकामुळे किमतीत बरीच सूट मिळाली. मागायची किती, हे त्यांनीच सांगितलं. एवढंच नाही, खरेदीखतात पाटाच्या पाण्याचा हक्क लिहिलाय का ते बघायला लावलं. जमीन विकताना तो हक्क वेगळा काढून दुसऱ्याला विकता येतो आणि हौशी गिऱ्हाईक ते बघत नाही. आमच्या कागदात तो होता. बँकेच्या मूल्यांकन करणाऱ्या माणसाने मात्र त्याला शून्य किंमत दिली आणि ‘पश्चिमेचं दृश्य’ या एका शब्दजोडीला भरघोस.

खरं सांगायचं तर या घराला दृश्य नव्हतं, खिडक्याच एवढ्याशा होत्या. भिंतीचा पाया वाळायला एक उन्हाळा दिला. खालचा गिलावा फोडला, माती आणि गव्हांडा कालवून भरलं, वरून लिंपलं. लिंपण शिकवायला ग्राम्पोंची बहीण आली. इकडे हे काम बायकांचं आणि त्यांच्या हाताला त्याचा मान असतो. तिने माझी पहिली भिंत हातातल्या ओल्या पोतेऱ्यासकट बघितली आणि काही न बोलता अर्धी खरवडून काढली. पश्चिमेला मग एक मोठी खिडकी पाडली. पाडायच्या आधी ग्राम्पोंना विचारलं, कारण ती भिंत छपराचा भार घेत होती.

खिडकी बसली त्या संध्याकाळी ते आत येऊन उभे राहिले. मी चहा टाकत होते. नवरा म्हणाला, “अखेर व्ह्यू मिळाला.”

“कोणाचा?” ग्राम्पोंनी विचारलं.

ते चिडून बोलत नव्हते. काच चांगली बसलीय का ते बोटाने चाचपत होते. मग त्याच बोटाने त्यांनी मोजायला सुरुवात केली. ते लांबचे काळे डोंगर सरकारी जंगल. अलीकडची पिवळी पठारं सांता आना पुएब्लोची; पूर्वजांची गेलेली जमीन त्या लोकांनी अलीकडे पैसे मोजून परत विकत घेतली. उत्तरेकडचा तो पट्टा सान फेलिपे पुएब्लोचा. क्षितिजावरचा निळा डोंगर, माउंट टेलर, नवाहो लोकांचा पवित्र डोंगर. मधला उजाड भाग केंद्र सरकारच्या जमीन खात्याचा, तिथे खडीची खाण व्हावी म्हणून तेव्हा लोक टपून बसले होते. ती मोकळी फिरणारी घोडी कोणाची यावर गावात वर्षानुवर्षं भांडण चालू आहे. आणि अगदी समोर, खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात जी सफरचंदाची झाडं, “ती माझी.”

नवऱ्याने हसत विचारलं, “मग आमचं काय?”

“काच,” ते म्हणाले.

हे मी विनोद म्हणून पुष्कळांना सांगितलं आहे. पण त्यातला कायदा नंतर वाचला तेव्हा हसू थोडं कमी झालं. अमेरिकेत शेजाऱ्याने स्वतःच्या जागेत घर बांधून तुमचं दृश्य अडवलं तर साधारणपणे तुम्हाला दाद मागता येत नाही, तसा वेगळा करार असला तरच. बँकेने ज्याला एवढी किंमत लावली ते आमच्या खरेदीखतात कुठेच नाही. ते ग्राम्पोंच्या मनावर होतं. आणि ग्राम्पोंच्या बागेला गिऱ्हाइकं येत होती. पाटाचं पाणी, गावालगत, पश्चिमेचा उतार. तीन घरं सहज बसली असती. एकाने सांगितलेला आकडा त्यांच्या मुलीने मला सांगितला, तेव्हा माझ्या हातातला कप खाली ठेवावा लागला. मुलगी आल्बुकर्कीत नर्स, नातवंडं कॉलेजात, बागेचं उत्पन्न म्हणावं तर अस्वलं खाऊन उरतील तेवढी सफरचंदं. विकली असती तर मला वाईट वाटलं असतं. चूक म्हणता आलं नसतं.

त्यांनी विकली नाही. मी आभार मानायला गेले, चुलीवरच्या पुरणपोळ्या घेऊन. पोळी त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. म्हणाले, “तुझ्या खिडकीसाठी नाही हं, मीहा. तीन घरं झाली की पाटाला तीन कमी माणसं. नवी माणसं पैसे भरतात, फावडं धरत नाहीत.” हे कारण खरंच होतं. तरी ते ऐकून माझ्यावरचं ओझं हलकं झालं नाही. माझ्यासाठी म्हणून केलेलं असतं तर मी कधीतरी काहीतरी करून फेडलं असतं. जे माझ्यासाठी केलेलंच नाही, ते मी रोज सकाळी उघड्या डोळ्यांनी वापरते.

नाना पुन्हा येऊ शकले नाहीत. मार्चमध्ये फोन आला की आधी माझी नाही, पाटाची चौकशी असे. ग्राम्पो जुलैत आभाळ भरलं की विचारायचे, “तिकडे सुरू झाला?” दोघांचा निरोप मी इकडून तिकडे नेत राहिले. नाना गेल्यावर ग्राम्पोंनी आमच्या घराच्या वळणावर एक जर्दाळूचं झाड लावलं. त्याबद्दल ना त्यांनी मला काही सांगितलं, ना मी विचारलं.

आता ग्राम्पोंचे गुडघे गेलेत. मेयोर्दोमोपद पुतण्याकडे आहे. पाटाला तीन पंच असतात. त्यांतली खजिनदाराची जागा मागच्या निवडणुकीत माझ्या गळ्यात पडली, मुख्यतः इतर कोणाला ती नको होती म्हणून. यंदाच्या सफाईला ग्राम्पो आले नाहीत, माणूसही पाठवला नाही. थकबाकीची यादी केली त्यात मी त्यांचं नाव घातलं नाही. यादी चिकटवल्याच्या दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत दारात उभे.

“माझं नाव कुठाय?”

मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत, वगैरे.

“ते तुझ्या वहीत. ही पाटाची वही आहे.” त्यांनी नोटा काढल्या, थुंकी लावून मोजल्या, पावती मागितली, पावतीवरचं साल चष्मा लावून तपासलं. मग कोटाच्या खिशातून आपल्या कारकिर्दीतली एक जुनी वही काढून माझ्यापुढे टाकली. पान दुमडून ठेवलेलं होतं. त्या मार्चच्या सफाईची यादी, पेन्सिलीने. तळाशी स्पॅनिशमध्ये एक ओळ: भारतातले बाबा, एक दिवस. पुढचा रकाना कोरा.

“हा दिवस चुकता झालेला नाही,” ते म्हणाले. “खजिनदार तू आहेस. देऊन टाक.”

मी म्हटलं, नानांनी पैशासाठी काम केलं नव्हतं. ते म्हणाले, तो नानाचा प्रश्न, पाटाला कोणाचं बुडवायचं नाही. बरं, देते म्हटलं आणि तेव्हाच्या दराने आकडा मांडला. त्यांनी तो खोडला. आजचा दर लाव म्हणाले. मी म्हटलं, देणं तेव्हाचं आहे. ते म्हणाले, देतेस आज. हा वाद आता पंचांच्या पुढच्या बैठकीत आहे आणि माझं मत मला धरता येणार नाही, कारण रक्कम मलाच मिळायची आहे.